मुलं कमी नाहीत, नोंदी अपुऱ्या आहेत

‘दत्तकासाठी पालक रांगेत, पण मुलंच नाहीत’ हे तुमच्या दत्तकावरच्या लेखातलं वाक्य मला अर्धवट वाटलं. बालगृहात मुलं आहेत, पण ती ‘कायदेशीररीत्या मुक्त’, म्हणजे दत्तक देता येण्याजोगी, म्हणून घोषित झालेली नाहीत. बेवारस सापडलेल्या बाळाबाबत बाल कल्याण समितीला (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) ही घोषणा करायला कायद्याने मुदत घालून दिलीय: दोन वर्षांखालचं असेल तर 2 महिने, मोठं असेल तर 4. आपल्या नाशिक जिल्ह्यात खरा प्रश्न दुसराच आहे. सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांच्या कामाला येणारी कुटुंबं, एकटी पडलेली आई, मूल संस्थेत ठेवलं आणि मग कुणी फिरकलंच नाही. कागदावर आई आहे, म्हणून मूल अनाथ नाही. ते दत्तकाच्या पोर्टलवर दिसत नाही आणि घरीही जात नाही. अशात सहा वर्षांचं मूल बारा वर्षांचं होतं, आणि मोठ्या मुलांना विचारणारे पालक फार थोडे!

2024च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबाला, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्यांना, दोन वर्षांनी ते मूल दत्तक घेता येतं. आधी पाच वर्षं थांबावं लागे. चांगला बदल आहे. पण प्रतिपालकत्वासाठी योग्य मुलं कोणती, हे कसं ठरवणार? जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दर तिमाहीला, नावं न देता, एवढं तरी जाहीर करावं: मूल कधीपासून संस्थेत आहे, नातेवाईक शेवटचे कधी भेटले, फाइल कुठे अडकलीय.