मूळ महाभारत हवंय? मग गणपतीलाही बाहेर काढा

‘कॉलेजातला पुराणकथांचा पेपर सुधारण्यासाठी पाच सूचना’ असा एका विद्यार्थ्याचा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’. पोचला. माझ्या भाचीने यंदा हाच विषय घेतलाय, आणि तिच्या बाबांनी घरच्या ग्रुपवर तो टाकून वर विचारलं, ‘असलं शिकवतात का तुम्हाला?’ मग गप्प कसं बसायचं?

पहिली सूचना अशी: ‘पाठभेदांत (पोथ्यापोथ्यांतल्या मजकुराच्या फरकांत) मुलांना घोळवू नका. व्यासांचं मूळ महाभारतच शिकवा. गणपतीने ते लिहून घेतलं, द्रौपदी ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ म्हणून हसली आणि युद्ध पेटलं, हे घराघरांत ठाऊक आहे.’

घराघरांत ठाऊक आहे, पण मूळात आहे का? हे शोधायला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली काम हाती घेतलं, ते १९६६ला पुरं झालं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या १,२५९ पोथ्या जमवल्या, श्लोक श्लोकाशी ताडून पाहिला. जो मजकूर काही प्रांतांच्या पोथ्यांत आहे आणि बाकीच्यांत नाही, तो मुख्य संहितेतून, म्हणजे ताडून ठरवलेल्या पाठातून, उचलून तळटिपेत नाहीतर परिशिष्टात घातला. गणपतीच्या लेखनाची गोष्ट अशीच परिशिष्टात गेली.

आणि द्रौपदीचं ते वाक्य? संहितेत नाहीच. सभापर्व उघडा. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा निवेदक हसणाऱ्यांची नावं देतो: भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. द्रौपदीचं नाव नाही. ती हसली हे पुढे दुर्योधन स्वतः बापाकडे गाऱ्हाणं घालताना सांगतो. म्हणजे एका चिडलेल्या माणसाच्या तक्रारीवरून सगळ्या युद्धाचं खापर आपण एका बाईच्या डोक्यावर फोडत आलो, आणि वर त्यालाच ‘मूळ’ म्हणायचं! हे वर्गात सांगणं म्हणजे गोंधळ घालणं असेल तर असा गोंधळ हवाच.

शिवाय या प्रकल्पाचे प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर यांनी स्वतःच बजावून ठेवलंय की हे व्यासांचं मूळ नव्हे. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितकं मागे जाता येतं तितकंच. एवढ्या पोथ्या ताडून पाहणारा माणूस असं म्हणतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या हाती मात्र मूळ प्रत आहे.

‘जांभूळ आख्यानासारख्या बदनामीकारक लोककथा काढा, त्या मूळात नाहीत’ ही दुसरी सूचना. या आख्यानातली, कर्णावर मन गेलेली द्रौपदी संहितेत नाही, कबूल. पण मग चाळणी सगळ्यांना एकच लावा. गणपतीला सूट आणि लोकशाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर आणलेल्या आख्यानाला बंदी, हा कुठला न्याय? जात्यावर बसून बायकांनी सीतेचा वनवास गायला, त्या ओव्याही याच न्यायाने जातील. पुराणकथांच्या पेपरातून लोकांनाच हाकलल्यावर उरणार काय?

तिसरी, ‘वैमानिक शास्त्र लावा’, म्हणजे प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा ग्रंथ. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच ते तपासलंय: ग्रंथ १९०४च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत. विषय संपला.

चौथी, ‘ग्रीक कथा कशाला?’ कारण ग्रीक वीर अकिलीसची टाच, त्याच्या अंगावरची एकच कच्ची जागा, होमरच्या इलियड या महाकाव्यात नाही, आणि गांधारीच्या नजरेने दुर्योधनाचं अंग वज्राचं होऊन मांडी तेवढी राहिली ही गोष्ट भांडारकरच्या संहितेत नाही. दोन्हीकडे लोकांनी वीराच्या अंगावर एक कच्ची जागा मागाहून शोधली. हे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यातच तर या विषयाची मजा आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. मेसेज लिहिणाऱ्या पोराची तक्रार आहे की वर्गात ग्रंथ कुणी उघडतच नाही, गाइडमधल्या नोट्स उतरवल्या की पेपर सुटतो. बऱ्याच ठिकाणी हे खरंय. पण त्यावर त्याचा उपाय, म्हणजे पाचवी सूचना, काय? ‘निबंध बंद करून सगळा पेपर चार पर्यायांचा करा.’ मग घाला हा प्रश्न: दुर्योधन पडला तेव्हा कोण हसलं? निवेदकाचं उत्तर एक, दुर्योधनाचं दुसरं, टीव्हीवरच्या मालिकेचं तिसरं. मार्क कुणाला देणार?