बोट सुटायच्या आत

धोपाव्याच्या फेरीबोटीत माझी गाडी आजवर किती वेळा चढली त्याचा हिशोब नाही. गुहागरहून दापोलीकडे जायचं तर मधे दाभोळची खाडी आडवी, रस्त्याने जायचं तर चिपळूणला भलामोठा वळसा, त्यामुळे २००३ साली फेरी सुरू झाली तेव्हापासून आम्ही सगळे गाडीसकट पाण्यात. उशीर झाला तर रँपवरचा मुलगा लांबूनच गाडी ओळखतो, आत हात करतो आणि बोट दोन मिनिटं थांबते. एकदा तर सुटलेली बोट मागे आली होती, कारण आमच्या मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेली नवरी होती आणि मुहूर्त पलीकडच्या तीरावर. तर बोट ही थांबणारी वस्तू आहे असं माझं आपलं साधं मत.

आईचं तसं नाही. तिचं माहेर हर्णै. तिच्या वेळी मुंबईची आगबोट यायची ती किनाऱ्याला लागायचीच नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, बोचकी, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या हे सगळं पडावातून तिथवर न्यायचं. आम्ही क्रूझला निघालो तेव्हा तिने पाया पडताना एवढंच सांगितलं, "भोंगा झाला की बोट कुणाच्या बापाची नसते, लक्षात ठेव." मी म्हटलं आई, ती बोट वेगळी, हिच्यात अकरा मजले आहेत आणि स्विमिंग पूल आहे. "मग तर मुळीच थांबायची नाही," आई.

क्रूझ आमच्या लेकीने काढून दिलेली, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून. बरोबर मेव्हणी शोभा आणि साडू बापू. बापू देवगडचा, पंचवीस वर्षं आंब्याच्या पेट्या टेंपोत घालून वाशी मार्केटला नेणारा, फोंडा घाट रात्री अर्धवट झोपेत उतरू शकणारा माणूस. इटलीत बारीला बोटीत बसलो, पहिला दिवस खाण्यात गेला, दुसरा खाल्लेलं जिरवण्यात, शोभाला थोडी बोट लागली पण आवळासुपारीवर निभावलं. मग आलं ग्रीसमधलं काताकोलो. बंदर म्हणजे आपल्या हर्णैएवढं गाव, एकच रस्ता, दोन्ही बाजूला दुकानं. इथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर ऑलिंपिया, म्हणजे ज्या खेळांवरून आपण दर चार वर्षांनी टीव्हीसमोर हळहळतो ते जिथे सुरू झाले ते गाव.

बोटीची स्वतःची टूर होती. एसी बस, गाईड, सगळं. आणि त्यातली खरी ग्यानबाची मेख अशी की त्या टूरला परतायला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर केलात तर थांबत नाही, पुढच्या बंदरावर स्वखर्चाने येऊन गाठायची. हे मी कागदावर वाचलं होतं. बापूने त्याच कागदावरची किंमत वाचली.

"दादानू, ही निसती लूट! आपण गाडी घेवया. चौघांका मिळून निम्म्यात काम."

आमच्या गावात गाडी भाड्याने घेणं हा प्रकारच नाही. गाडी हवी असली की फोन करायचा, समोरचा म्हणतो किल्ली पुढच्या टायरवर ठेवलीय, घेऊन जा. परत करताना टाकी भरून द्यायची, वर मागच्या सीटवर एखादा फणस. कुठे घासली असेल तर तो मनुष्यच म्हणतो, अरे तो आधीचा ओरखडा. इथे काउंटरवरच्या बाईंनी आधी पासपोर्ट मागितला, मग लायसन्स, मग आंतरराष्ट्रीय परवाना, मग क्रेडिट कार्ड, आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाराच्याच नावाचं हवं.

इथे आमचं तारू खडकावर आदळलं. कारण ठरलं असं होतं की चालवणार बापू. पण बापूकडे आंतरराष्ट्रीय परवाना नव्हता. मी निघण्याआधी रत्नागिरीला आरटीओत जाऊन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट दाखवून, हजार रुपये भरून वर्षभराचा काढून आणला होता, उगाच, असावा म्हणून, फोटो चांगला आला म्हणून दोन-तीन जणांना दाखवलाही होता. बापू तेव्हा म्हणाला होता, "माझा लायसन इंग्लिशात आसा, ता जगभर चलता." ते जगभर कुठे चालत असेल ते असो, ग्रीसमध्ये आपल्या लायसन्सबरोबर तो परवाना लागतोच. शिवाय बापूचं कार्ड डेबिट. त्याने खिशातून युरोच्या नोटा काढून रोख देतो म्हणून बघितलं, बाई हसल्या आणि मान हलवली. तिकडे रोख पैसेवाल्यावर विश्वास नाही, उधारीवाल्यावर आहे.

म्हणजे ज्याला चालवता येतं त्याच्याकडे कागद नाही आणि ज्याच्याकडे कागद आहे तो मी. मी गुहागर ते शृंगारतळी चालवतो, भाजी आणायला.

ऑटोमॅटिक गाड्या संपल्या होत्या, त्या थोड्या असतात आणि महागही. उरली एक पांढरी गिअरची. कार्डावर ८०० युरो अडकवून ठेवले, ते कापत नाहीत, नुसते धरून ठेवतात असं बाई म्हणाल्या, आपल्याकडे पोराची कॉलर धरून ठेवतात तसं असावं. बापूने मात्र गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ घेतला, आणि कॉमेंटरी थेट मालवणीत, "ह्यो बगा पाठल्या दाराक खरवडलेला, ह्यो आमचो न्हय. ह्यो बंपराक चिरो, ह्योव आमचो न्हय." वाद झाला असता तर तिथल्या कुठल्या कोर्टात हा पुरावा कुणी वाचला असता देव जाणे.

मग मी गाडीत बसलो. म्हणजे सवयीने उजव्या दाराने बसलो, बेल्ट लावला, आणि स्टिअरिंग नाही. पलीकडे आहे. बायको मागून काही बोलली नाही, तिने फक्त पर्स मांडीवर घट्ट धरली.

डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायचे आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण डावा हात तीस वर्षांचा नोकर, तो ऐकत नाही. क्लच दाबला की तो आपला दाराचं हँडल शोधायला जायचा, दोनदा त्याने गिअर म्हणून काच खाली केली. आणि सगळ्यात कहर म्हणजे इंडिकेटर. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो स्टिअरिंगच्या उजव्या दांडीला, इथे डाव्या. उजव्या दांडीला वायपर. त्यामुळे प्रत्येक वळणावर मी मोठ्या शिस्तीत वायपर दाखवून वळत होतो. वर निळंशार आकाश, रखरखीत ऊन, आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रर्र खर्रर्र. एका गावात हॉटेलाबाहेर खुर्ची टाकून म्हातारा कॉफी पीत बसला होता, त्याने माझ्या वायपरकडे बघितलं, मग सावकाश मान वर करून आकाशाकडे बघितलं, आणि कप उचलून आत जाऊन बसला.

बापूची अवस्था माझ्याहून वाईट. तो उजवीकडे, म्हणजे आयुष्यभर ज्या जागी बसला त्याच जागी, पण समोर स्टिअरिंग नाही. पायाखाली ब्रेक नाही. तरी पाय दाबतच होता, मॅट गोळा झालं पार. "दादानू, उजवीकडे! उजवीकडेच रवा! ट्रक इलो! हळू! अहो हळू म्हणजे थांबा न्हय!" फोंडा घाटाच्या वाघाला शेळीसारखा बसलेला मी पहिल्यांदा बघितला आणि खरं सांगतो, त्या परिस्थितीतही थोडं बरं वाटलं.

पाट्यांवर वर ग्रीक, खाली इंग्रजी. पण घाईत डोळा पहिल्यांदा वरच जातो. पाय, थीटा, सिग्मा, दहावी-बारावीत मी ज्यांना सोडवू शकलो नाही ते सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून माझी वाट बघत होते.

ऑलिंपिया बाकी बघण्यासारखं, खोटं कशाला बोला. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात जे आडवे झाले ते तसेच पडलेत, विळीवर काकडी चिरली की चकत्या जशा एकावर एक कलंडतात अगदी तशा दगडी चकत्या, एकेक माणसाएवढी, काही त्याहून मोठ्या. एकच खांब २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी परत उभा केलाय. बापू म्हणाला, "ह्या पडक्याक तिकीट? आमचो विजयदुर्ग उभो आसा अजून." पुढे स्टेडियम, इसवी सन पूर्व ७७६ पासूनचा त्या शर्यतींचा इतिहास सांगतात, धाव सुरू करायची दगडी रेघ अजून जमिनीत आहे. झाडून सगळे टुरिस्ट त्या रेघेवर अंगठे टेकून पोज देतात आणि धावतात. साधारण १९२ मीटर. मी पण सरसावलो तर बायको म्हणाली, "अहो, धावू नका, गुडघे." मी मुकाट फोटो काढला.

मग जेवण. तिथे जेवण घाईत देत नाहीत. मी मोबाईल बघितला तर तीन वाजलेले. साडेचारला सगळ्यांनी बोटीवर असलंच पाहिजे असं केबिनमधल्या कागदावर ठळक होतं. निघालो. वाटेत पिर्गोस लागतं, तिथे एका चौकात मी शिस्तीत वायपर दाखवला आणि चुकीकडे वळलो. एकेरी रस्ते, दुतर्फा गाड्या, त्यात एका बोळात रिव्हर्स घ्यायची वेळ आली आणि रिव्हर्स पडेना. दाबून बघितला, ओढून बघितला, मागे एक ग्रीक मनुष्य हॉर्नवर झोपला. शेवटी बापूने वाकून बघितलं तर गिअरच्या मुठीखाली एक कडी, ती वर उचलायची. "आता रवा तुमी," म्हणून त्याने बसल्या जागेवरून कडी उचलून गिअर टाकला, मी क्लच सोडला, अशी ती गाडी दोघांनी मिळून मागे काढली. त्या क्षणी आम्ही साडू कमी आणि बैलजोडी जास्त होतो.

चार वीस. चार सव्वीस. मेव्हणी मागे अथर्वशीर्ष म्हणायला लागली. परत करताना टाकी भरून द्यायची असते, पंप दिसला, कुणी त्याच्याकडे बघितलं पण नाही. चार तेहतीसला बंदरात. काउंटरवरच्या बाईंच्या हातात किल्ली कोंबली आणि चौघंही धक्क्याच्या दिशेने सुटलो. बाई मागून काहीतरी ओरडत होत्या. मी वळणार तर बापू, "मागे बघू नका! खरवडल्याचे पैसे मागता ती!" आम्ही वेग वाढवला. बाई अजून मोठ्याने ओरडल्या, हातवारे करत. आम्ही अजून वेग वाढवला. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बायकोची एक चप्पल. लांबून बोटीच्या गॅलऱ्यांत माणसं उभी, हात हलवतायत, कुणी टाळ्या वाजवतायत, मोबाईलवर शूटिंग चाललंय. उशिरा धावत येणारे लोक बघणं हा त्या लोकांचा ठरलेला करमणुकीचा कार्यक्रम असतो हे नंतर कळलं.

जिन्यापाशी पोचलो तर तिथे कार्ड तपासणारा पोरगा गोव्याचा. त्या बोटींवर गोव्याची पोरं पुष्कळ असतात. त्याने आमच्याकडे बघितलं, पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या आणि म्हणाला, "काका, कित्याक धावतात? साडेतीन जाल्यात."

साडेतीन.

ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे. मोबाईलने जमिनीवर पाय ठेवताच आपणहून ग्रीसची वेळ घेतली. आमच्या बोटीने घेतली नव्हती, काही बोटी घेतात काही घेत नाहीत, आमच्या बोटीवर बारीचीच वेळ चालू होती आणि ते त्याच कागदावर, त्या ठळक साडेचारच्या खालच्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे अजून एक तास. बाई बहुतेक तेच ओरडत होत्या.

बापू धक्क्यावरच बसला. मेव्हणी अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीपाशी थांबली. बायकोने माझ्या हातातून चप्पल घेतली, पायात घातली, आणि म्हणाली, "तिथे स्टेडियमात धावला असतात तर निदान फोटो तरी आला असता."

महिन्याने कार्डाचं बिल आलं. पेट्रोल कमी भरलं त्याचे, आणि ते त्यांनी भरलं त्या कष्टाचे वेगळे. मी बापूला फोन करून सांगितलं की भाडं, विमा आणि हे सगळं मिळून बोटीच्या टूरमध्ये आपल्यातले तिघे आरामात बसले असते. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण आपण चौघा होतव."

आईला सगळं सविस्तर सांगितलं. तिला धावण्याचं काही वाटलं नाही. "एक तास आधी पोचलात ना? मग कसली रड? आम्ही चार-चार तास आधी पुळणीवर जाऊन बसायचो." आणि मग तिचा खरा प्रश्न, "त्या बाईने तुझ्या हातात गाडी दिलीच कशी?"

परवा दापोलीला लग्न होतं. निघायला नेहमीसारखा उशीर, धोपाव्याच्या उतारावर आलो तर रँप उचलायच्या बेतात. मी वळलो, रँपवरच्या मुलाने गाडी ओळखली, हात वर केला, बोट थांबली. गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला. तो मुलगा काचेपाशी आला, माझ्याकडे बघितलं, मग वाकून वर आभाळाकडे.

"काय काका, वर गुहागरात पाऊस लागलाय काय?"