एअर रायफलला एफएफपी म्हणजे पैसे पाण्यात? थांबा जरा

एक मेसेज मला आतापर्यंत चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर नवीन स्कोप (बंदुकीवर लावायची दुर्बीण) घ्यायच्या तयारीत होते म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत: एअर रायफलला एफएफपी (फर्स्ट फोकल प्लेन) स्कोप लागत नाही, स्वस्त एफएफपीचं रेटिकल (आतल्या नेमाच्या रेषा) कमी झूमला दिसतच नाही, स्कोप घ्यायचा तर २४ पर्यंत झूमवाला घ्या, आणि मोठ्या बंदुकीचा झटका खाणारा स्कोप छर्‍याच्या बंदुकीवर आरामात टिकतो. यातली एक अर्धी बरोबर आहे, बाकी आपण बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एफएफपीमध्ये झूम वाढवलं की टार्गेटबरोबर रेटिकलपण मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणांचं माप कुठल्याही झूमला तेच राहतं. साध्या एसएफपीत (सेकंड फोकल प्लेन) रेटिकल आहे तेवढंच दिसतं आणि खुणा एकाच झूमला खर्‍या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झूमला.

आता "लागत नाही" हे कोणासाठी खरं आहे? जो गच्चीवर १० मीटरवर कागद फाडतो त्याच्यासाठी, शंभर टक्के. पण शेतावर कधी १० वर, कधी ५० मीटरवर बाटलीची झाकणं उडवायची असतील तर गोष्ट वेगळी, कारण छर्रा फार लवकर खाली येतो. आपली लायसन्स न लागणारी .१७७ म्हणजे २० ज्यूलच्या आतली, साधारण साडेआठ ग्रेनचा (अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड) छर्रा ७८० फूट प्रति सेकंदाने जातोय असं धरा आणि ३० मीटरला झीरो करा (म्हणजे तिथे नेम धराल तिथेच छर्रा लागेल), तर ५० मीटरला तो नऊ-दहा सेंटीमीटर खाली लागतो, म्हणजे जवळपास २ मिल (मिल हे रेटिकलवरच्या खुणांचं माप, ५० मीटरला १ मिल म्हणजे ५ सेंटीमीटर). आणि गंमत म्हणजे १० मीटरलापण खालीच लागतो, कारण स्कोप नळीच्या वर बसलेला असतो. म्हणजे रोज खुणांवर नेम धरावा लागणारच. आता १२ झूमला खर्‍या खुणा असलेला एसएफपी ६ वर ठेवलात आणि सवयीने २ मिलची खूण धरलीत तर तुम्ही खरं तर ४ मिल धरलेत, ५० मीटरला छर्रा १० सेंटीमीटर वरून गेला आणि शिव्या बिचार्‍या बंदुकीला. (एसएफपीवाला एकाच झूमवर ठेवून वापरत असेल तर त्याला हा त्रास नाही, हेही मान्य.)

रेटिकल दिसत नाही, हीच ती अर्धी बरोबर गोष्ट. ६-२४ चा एफएफपी ६ वर आणला की मधल्या बारीक रेषा केसासारख्या होतात, झाडाच्या सावलीत तर गायबच. पण म्हणून एफएफपी वाईट कसा, रेटिकल बघून घ्या ना. बाहेरचे दांडे जाड पाहिजेत म्हणजे कमी झूमला डोळा आपोआप मध्ये जातो, मध्ये लाइट असेल तर अजून बरं, आणि ख्रिसमस ट्रीसारखं भरगच्च रेटिकल पहिल्या स्कोपला नकोच.

२४ झूमचं वेड मला कळत नाही. ५० एमएमच्या काचेला २४ झूमवर डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा गोल दोन मिलिमीटरच्या आसपास उरतो, चित्र अंधारं होतं, डोकं जरा हललं की काळं. स्वस्त काचेत तर शेवटचं झूम बहुतेक वेळा नुसतं डब्यावर छापायला असतं. वजनपण बघा, अ‍ॅथलॉन आर्गोस ६-२४ चांगला आहे पण पाऊण किलोच्या वर जातो, आधीच जड स्प्रिंगरवर (स्प्रिंगवाल्या बंदुकीवर) तो कशाला? व्हेक्टर व्हेरॉन ४-१६ सारखा आखूड स्कोप मला जास्त पटतो. आणि झूमनेच नेम लागत असता तर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ५० मीटरवर ब्राँझ घेतलं ते कसं, तिथे दुर्बीण चालतच नाही, नुसत्या भोकातून बघायचं असतं.

शेवटचा मुद्दा मात्र सरळ चूक आहे आणि पैसे इथेच जातात. मोठ्या बंदुकीचा झटका मागे येतो. स्प्रिंगरमध्ये पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि तो टोकाला जाऊन थांबतो तेव्हा बंदूक पुढे हिसडते, म्हणजे स्कोपला दोन्हीकडून फटका. गॅस रॅमचं (स्प्रिंगऐवजी दाबलेला गॅस) तेच. आतली भिंगं फक्त मागच्या झटक्यासाठी बसवलेली असतील तर ती ढिली होतात. माझ्याकडे असा एक मोठ्या रायफलचा मागून आणलेला स्कोप होता, दीडशे-दोनशे छर्‍यांत झीरो भटकायला लागला, मी रिंगा आवळल्या, छर्रे बदलले, स्वतःच्या हाताला दोष दिला, शेवटी कानाजवळ धरून हलवला तर आत खुळखुळ. पीसीपीला (टाकीत आधीच हवा भरून ठेवलेली बंदूक) झटका जवळजवळ नसतो, तिथे हा प्रश्न येत नाही. स्प्रिंगर असेल तर दुकानदाराकडून लेखी घ्या की स्प्रिंगरवर चालेल, आणि माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारा भाग) एकसंध, खाली स्टॉप पिन असलेला घ्या, नाहीतर बंदुकीवरच्या ११ एमएमच्या खाचेवरून अख्खा स्कोप मागे सरकतो.

मेसेजमध्ये पॅरॅलॅक्सचा (डोळा हलला की नेम सरकलेला दिसणं) शब्दच नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. बंदुकीचे कितीतरी स्कोप १०० यार्डला फिक्स असतात, १० मीटरवर चित्र धूसर, वर डोळा इकडेतिकडे झाला की नेम सेंटीमीटरभर सहज सरकतो. १० यार्डपर्यंत फोकस येत नसेल तर एफएफपी असो की अजून काही, परत ठेवा.

घेतल्यावर एक करा. रेटिकल आणि टरेट (नेम वर-खाली करायची घुंडी) दोन्ही मिलमध्येच आहेत ना बघा, मग २५ मीटरवर फूटपट्टी उभी लावा, बंदूक वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवा आणि न मारता नुसते ५ मिल फिरवा. नेम साडेबारा सेंटीमीटर सरकला पाहिजे, आणि उलटे ५ मिल फिरवल्यावर त्याच रेघेवर परत आला पाहिजे. नाही आला तर बिल अजून खिशात आहे तोवरच दुकान गाठा.