कॅसँड्राने सगळं जाळलं नाही

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या थोरल्या बहिणीबद्दल एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे पाठवली जाते. लग्न न झालेल्या, मत्सराने मनातून कुढणाऱ्या कॅसँड्राने जेन जाताच तिची तीन हजार पत्रं जाळली, घरातलं काळंबेरं झाकलं आणि खरी जेन कोणाला कळूच दिली नाही. यात खरं एवढंच, की तिने पत्रं जाळली.

आधी आकडा. जेनने आयुष्यभरात सगळ्यांना मिळून किती पत्रं लिहिली असतील, याचा अभ्यासकांनी बांधलेला अंदाज म्हणजे ३,०००. ती सगळी कॅसँड्राच्या हाती आलीच नव्हती. भाऊ फ्रान्सिसने त्याला आलेली पत्रं जन्मभर जपली, आणि १८६५ मध्ये तो गेल्यावर त्याच्या मुलीने ती नष्ट केली. तेव्हा कॅसँड्राला जाऊन वीस वर्षं झाली होती. आज सुमारे १६० पत्रं उरली आहेत. त्यांतली निम्म्याहून जास्त कॅसँड्राला लिहिलेली, म्हणजे तिनेच ठेवलेली.

‘जेन जाताच’ हेही चूक. जेन १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टरमध्ये वारली. जाळण्याची हकीकत आपल्याला कळते ती भाची कॅरोलाइनच्या आठवणींतून. ती लिहिते, की आत्याने मरणाआधी दोन-तीन वर्षं पत्रं पुन्हा चाळली, बरीचशी जाळली, काही भाच्यांना दिली, काहींतले तुकडे कापून टाकले. कॅसँड्रा गेली १८४५ मध्ये, ७२ वर्षांची होऊन. म्हणजे पाव शतक तिने ते कागद जवळ बाळगले. मत्सराने पेटलेलं माणूस इतकं थांबत नाही.

मग झाकलं काय? ९ जानेवारी १७९६ चं, कॅसँड्राच्या तेविसाव्या वाढदिवशी लिहिलेलं पत्र आजही वाचता येतं. त्यात टॉम लेफ्रॉय या तरुणाबरोबर नाचात केलेला चावटपणा जेन रंगवून सांगते. १७९८ च्या एका पत्रात शेजारच्या बाईला मेलेलं मूल झाल्याची बातमी आहे आणि लगेच क्रूर विनोद, की तिची नजर चुकून नवऱ्यावर पडली असेल. बहिणीची प्रतिमा उजळायची असती, तर हे पान सगळ्यांत आधी चुलीत गेलं असतं. हां, १८०२ आणि १८०३ मधलं एकही पत्र नाही, आणि १८०२ च्या डिसेंबरातच हॅरिस बिग-विदरला दिलेला लग्नाचा होकार जेनने दुसऱ्या सकाळी मागे घेतला होता. बहिणी एकत्र असत तेव्हा पत्रं लिहायचं कारण नसे. तरी या काळातलं काही तिने मुद्दाम काढलं असणं शक्य आहे. मला त्यात गुन्हा दिसत नाही. ती पत्रं तिलाच लिहिलेली होती, तुम्हाआम्हाला नाही.

मत्सराचा आरोप मात्र मला सहन होत नाही. कॅसँड्राचं लग्न ठरलं होतं. नवरामुलगा टॉम फाउल १७९७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने गेला. तिने पुन्हा लग्न केलं नाही. १८०९ पासून चॉटन गावातल्या घरात स्वयंपाकघराचा, घरखर्चाचा भार कॅसँड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड यांनी उचलला. जेनकडे सकाळची न्याहारी आणि चहा-साखरेची देखरेख, एवढंच. तिच्या हयातीत आलेल्या चारही कादंबऱ्या याच घरात राहत असताना छापल्या गेल्या. जेनने मृत्युपत्रात थोड्या रकमा वगळता सगळं थोरलीच्या नावे केलं. जेन गेल्यावर दोन दिवसांनी कॅसँड्रा भाची फॅनीला लिहिते, की ती माझ्या आयुष्याचा सूर्य होती, माझाच एक भाग गेल्यासारखं वाटतंय.

आणि लेखन तिला कळत नव्हतं म्हणणाऱ्यांनी तिचं टिपण पाहावं. कोणती कादंबरी कधी सुरू झाली, कधी संपली, हे तिने लिहून ठेवलं. जेनचा चेहरा आपण ओळखतो तोही तिनेच काढलेल्या छोट्या चित्रामुळे. ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. बालपणीच्या लेखनाच्या तीन वह्या, अपुरी हस्तलिखितं, सगळं तिने राखलं आणि मरताना एकेक कोणाला द्यायचं ते ठरवलं. ‘सँडिटन’ ही अपुरी कादंबरी, तिचं हस्तलिखित दिलं भाची ॲनाला, जिच्या कादंबरीचा मसुदा जेनने पत्रांतून सुधारून दिला होता. ॲनाने ते पुरं करायला घेतलंही.