निषेध असो! (कशाचा, ते मागाहून कळवू)

ठाण्यात राहून ज्यांनी अजून एकही मोर्चा काढलेला नाही, अशा मागासलेल्या नागरिकांसाठी हे लिहिते आहे. घाबरू नका. पूर्वी हे काम अवघड होतं. आधी एखादा प्रश्न लागायचा, मग तो समजून घ्या, कागद जमवा, चार माणसांना पटवा, केवढा खटाटोप. आता नुसता राग लागतो, आणि तो मोबाइलवर तयार मिळतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी दात घासायच्या आत तिघांनी तो पाठवलेला असतो, खाली ‘जागे व्हा’ असं लिहून. जागे झालोय म्हणूनच वाचतोय, हे त्यांना कोण सांगणार?

तर, सुरुवात विषयापासून. विषय लांबचा असावा. दिल्लीत कुणीतरी काहीतरी बोललं, हे उत्तम. काय बोललं ते पूर्ण ऐकू नये, त्याने जोर कमी होतो. लांबचा नसेल तर जुना घ्यावा, आणि तीनशे वर्षांपूर्वीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. औरंगजेब 1707 मध्ये मेला, तरी 2025 च्या मार्चमध्ये त्याच्या कबरीवरून नागपुरात दगडफेक झाली, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली. मेलेल्या बादशहाची सोय अशी की तो खुलासा करत नाही, कोर्टात जात नाही आणि त्याला उत्तर मागायला कुठल्या कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही.

जवळचा विषय मात्र कटाक्षाने टाळावा. खड्ड्यांचा आणि कोंडीचा घोडबंदर रोड घेऊ नका. त्यावरच्या गायमुख घाटाचं तर नाव काढू नका. तो घेतलात की महापालिका, एमएमआरडीए आणि सार्वजनिक बांधकाम यांपैकी नक्की कुणाच्या नावाने बोंब मारायची, हे ठरवण्यातच तुमची उमेद संपेल. 2022 च्या मार्चमध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली 2026 च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हता. त्यावरून कुठे टायर पेटलेला निदान मला तरी दिसला नाही. बरोबरच आहे. त्यात कुणाचा द्वेष करायला मिळत नाही.

घोषणा हिंदीत असाव्यात, कॅमेरे दिल्लीचे असतात.

सेल्फी आधी, घोषणा नंतर.

साहित्याबद्दल थोडं. जोडे मारायला जोडे जुने न्यावेत, नवे तुटतात. दुग्धाभिषेकाला दूध कुठलंही चालतं, ज्याच्या फोटोवर ओतायचं तो पीत नाही. आणि बांगड्या विसरू नका. एखाद्या अधिकाऱ्याला नेभळट म्हणायचं असेल तर त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवायच्या, ही आपली थोर परंपरा आहे. त्या आणणाऱ्यांच्या पिशवीतला डबा सकाळी कुठल्या हातांनी भरलेला असतो, त्या मनगटात काय असतं, हा विचार त्या वेळी मनात आणू नये. निषेध फिका पडतो.

कायद्याची भीती वाटणाऱ्यांनी आमच्याकडे बघावं. ठाणे पोलीस आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश अधूनमधून निघतच असतो. पाच किंवा त्याहून जास्त लोकांनी जमू नये, पुतळे-प्रतिमांचं प्रदर्शन करू नये, असं त्यात छापलेलं असतं. तुम्ही पन्नास जण जमा आणि पुतळा जाळा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टापासून 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसाची मर्यादा 50 डेसिबल. आपला भोंगा त्याला मोजत नाही. दोन समाजांत तेढ लावण्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 153-अ होतं, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 196 झालं. सर्वोच्च न्यायालयाने तर 2023 च्या एप्रिलमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाची भाषणं झाली तर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. नोंदवतात कधीकधी. ‘अनोळखी इसमांविरुद्ध’. समोर उभं राहून, मोबाइलवर चित्रण करून, नावानिशी ओळखत असलेले अनोळखी इसम. फार तर दंड होईल. 2003 च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी दोन मोठ्या पक्षांना 20-20 लाखांचा दंड केला होता. त्यानंतर बंद थांबले का, ते तुम्हीच आठवून बघा.

आता जागा. हा भाग नीट वाचा, यात सगळं आहे.

ज्याच्यावर राग आहे त्याच्या दारात जाऊ नये. तिथे पोलीस असतात आणि आत जाऊन बोलावं लागतं. त्यापेक्षा गोखले रोड घ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, कडेला लावलेल्या स्कूटर, मध्ये रिक्षा, एका टोकाला स्टेशनची गर्दी. एक टायर आडवा टाकला की नौपाडा बंद, पाठोपाठ तीन हात नाका बंद. ज्यांच्यावर तुम्ही रागावलात ते दिल्लीत गाढ झोपलेले असतात आणि ज्यांच्याशी तुमचं काही भांडण नाही ते सगळे अडकतात. याहून यशस्वी आंदोलन कुठलं?

गेल्या आठवड्यात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढून आम्ही रिक्षाने गोखले रोडवरून परत येत होतो. काळा चष्मा, पिशवीत थेंबांच्या बाटल्या आणि डॉक्टरांची ताकीद : धूळ नको, धूर नको. धुराची सोय देशभक्तांनी केली होती. पुतळा लवकर पेटेना म्हणून त्याखाली टायर घातला होता. टायरचा धूर काय असतो हे पेटवायला सांगणाऱ्याला माहीत नसावं, कारण तो काचा वर करून गाडीत बसला होता.

झेंडा कोणता होता ते सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक खूश होऊन इथेच थांबतील आणि उरलेले मला शिव्या द्यायला लागतील. दुसऱ्या झेंड्याचा असाच प्रकार मी याच रस्त्यावर पाहिलेला आहे, तेव्हा समजून घ्या. घोषणा मात्र सांगते, म्हणजे लिहिण्यासारख्या तेवढ्या. हाकला, ठोका, गाडा. कुणाला, तर ‘त्या लोकांना’. आमच्या रिक्षावाल्याने तोपर्यंत आरशाला लटकवलेली एक वस्तू हळूच काढली आणि खिशात टाकली. कसली, तेही सांगत नाही. तुम्ही मनात जी धरलीत ती तुम्हाला कशी सुचली, तेवढं बघा. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यानेच आपला धुतलेला रुमाल पुढे केला आणि म्हणाला, “आजी, चष्म्यावरून धरा, डोळ्याला लावू नका.” डॉक्टरसुद्धा इतकं समजावून बोलले नव्हते.

घोषणा देणाऱ्यांत आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी याला आईने पाढे शिकवलेत. त्याने ओळखलं, जवळ आला, आणि म्हणाला, “आजी, पाच मिनिटं हं. देशासाठी.”

आई म्हणाली, “बरं. पण मागणी काय आहे रे तुमची?”

“मागणी नाही आजी, निषेध आहे.”

“मग निवेदन कुणाला देणार?”

निवेदन ही वस्तू त्याने ऐकली होती असं दिसलं नाही. त्याने मागे वळून गाडीकडे पाहिलं. गाडीची काच वरच होती.

आईचा प्रश्न खोचक नव्हता. तिला खरंच कळेना. 1972 च्या दुष्काळानंतर महागाई भडकली तेव्हा ती गोरेगावात राहत होती आणि मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या लाटणे मोर्चात गेली होती. स्वयंपाकघरातलं लाटणं हातात घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. रॉकेल हवंय, तेल हवंय, साखर हवी आहे. ते कुणाकडे मागायचं ते ठाऊक होतं, मंत्र्यांची नावं ठाऊक होती. शेजारीण कोणत्या जातीची, कुठली भाषा बोलते, हे कुणी विचारत नव्हतं, कारण तिच्याही घरी रॉकेल संपलेलंच होतं. तिच्या डोक्यात मोर्चा म्हणजे ते. मोर्चात मागणी नाही, हे तिला जेवणात अन्न नाही असं ऐकल्यासारखं वाटलं.

आणि इतकं मागे जायला नको. 2018 चा मार्च आठवतो का? नाशिकहून निघालेले शेतकरी, आदिवासी, पायांची सालटी निघालेली, याच आपल्या ठाण्यावरून मुंबईला गेले. जमिनीचे पट्टे आणि कर्जमाफी, मागण्या कागदावर लिहिलेल्या. मुंबईत पोचल्यावर त्यांना कळलं की सकाळी दहावीची परीक्षा आहे. 180 किलोमीटर चालून आलेली माणसं सोमय्या मैदानावर झोपायची सोडून मध्यरात्री उठली आणि रात्रीतच आझाद मैदानावर गेली, पोरांचा पेपर चुकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सरकारकडून लेखी आश्वासन घेतलं. त्यांच्यातल्या कितीजणांनी दहावीचा पेपर कधी बघितला असेल, देव जाणे.

आणि तुम्ही गोखले रोडवर टायर जाळता. देशासाठी.

मी आता सूचना-बिचना देणार नाही. तोंड वाकडं करून बोलायची माझी ताकद संपली आहे.

दिल्लीवरूनच पोटात आग पडलीय ना तुमच्या? मग दिल्लीचंच बोलू. 2019 ते 2024 या पाच वर्षांत लोकसभेला उपाध्यक्ष नव्हता. राज्यघटनेचं कलम 93 म्हणतं, शक्य तितक्या लवकर निवडा, आणि पाच वर्षांत शक्य झालं नाही. विचारलंत कुणाला? 2021 ची जनगणना झालीच नाही. ती आता 2027 ची होणार आहे. तोवर आपण किती आहोत, कोण आहोत, हे 2011 च्या आकड्यांवरून ठरणार. मात्र ‘त्यांची’ लोकसंख्या किती वाढली, हे तुमच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठ. कुठून आला हो आकडा? 2023 च्या डिसेंबरात संसदेच्या एका अधिवेशनात 146 खासदार निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात फौजदारी कायद्यांची तिन्ही नवी विधेयकं मंजूर झाली. ते वर सांगितलेलं 196 त्यातलंच. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभा ठरलेल्या वेळेच्या एक तृतीयांशसुद्धा चालली नाही. एका बाजूने गोंधळ घातला, दुसऱ्या बाजूने त्या गोंधळात विधेयकं उरकली, आणि मग दोघांनी बाहेर पायऱ्यांवर येऊन लोकशाहीची काळजी केली. त्यांचे पगार कापले गेले नाहीत. रस्ता अडला की लेट मार्क मात्र तुमचाच लागतो ना?

गद्दार म्हणे. गद्दार शोधायला तुम्ही रिक्षाच्या आरशाखाली बघता? तुम्ही एका चिन्हावर बोट ठेवलंत आणि तुमचं मत पहाटे एकीकडे गेलं, मग सुरतेला गेलं, गुवाहाटीला गेलं, गोव्याला जाऊन आलं. त्या हॉटेलांसमोर घोषणा द्यायला गेलात का? नाही. टीव्हीसमोर बसून कोण कुठल्या विमानात चढलं ते मोजत होतात. मॅच बघितल्यासारखे. आणि ज्यांच्यासाठी तुम्ही एकमेकांची डोकी फोडता ते सगळे झेंडे एकमेकांच्या पोरांच्या लग्नात एका टेबलावर जेवतात, फोटो काढतात, ते फोटो तुम्हाला दिसतात आणि तरी तुमच्या डोक्यात उजेड पडत नाही. लाज वाटायला पाहिजे थोडी.

आणि आई-बापांनो, तुम्हाला वेगळं सांगते. “पोरगं समाजकार्य करतंय” म्हणून जिन्यात कौतुक सांगता ना? त्याचं नाव एकदा एफआयआरमध्ये आलं की पासपोर्टच्या पोलीस पडताळणीला तेच बाहेर येईल, सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला तेच येईल. पुतळा जाळायला सांगणाऱ्याचं पोरगं तेव्हा परदेशात शिकत असेल. वकील तुम्ही शोधाल, तारखांना तुम्ही जाल, आणि तो गाडीतला दादा तुमचा फोन उचलणार नाही. उचलला तर म्हणेल, कोण? मग कुणाच्या नावाने ओरडाल? ‘त्या लोकांच्या’च?

त्या दिवशी मी रिक्षावाल्याला घाबरलेलं पाहिलं. तो कधीपासून इथे रिक्षा चालवतो, त्याची पोरं महापालिकेच्या शाळेत जातात की कुठे, हे मला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. ठाण्यातल्या रस्त्यावर भर संध्याकाळी एका माणसाला स्वतःच्या गाडीत स्वतःची वस्तू लपवावी लागली. ते तुम्ही केलंत. ग्रुपवर ‘शेअर करा’ लिहून ते पाठवणाऱ्या काकांनी केलं, अंगठा दाखवणाऱ्या काकूंनी केलं, आणि कॉलेजच्या त्या पोराने तर समोर उभं राहून केलं. रस्ता तुमच्या बापाचा नाही. तो टायर ज्या डांबरावर जळला ते डांबर आम्ही सगळ्यांनी भरलेल्या करातून पडलंय, त्या रिक्षावाल्यानेही भरलेल्या.

इतकीच खुमखुमी असेल तर एक कोरा कागद घ्या. वर लिहा, ‘मा. जिल्हाधिकारी, ठाणे’. खाली विषय. विषयाखाली मागणी, एका वाक्यात, अमुक गोष्ट अमुक तारखेपर्यंत व्हावी अशी. ‘त्यांना हाकला’ ही मागणी नव्हे. सही करा, पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल. कार्यालय कोर्ट नाक्याला आहे, कामाच्या दिवशी उघडं असतं. दोन प्रती न्या, एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर पोच म्हणून तारखेचा शिक्का मागून घ्या. नाही म्हणाले तर तिथेच उभे राहा, तिथे हवं तेवढं ओरडा.