चाकं तिची, गाडी हिची

माझ्या एक्सपल्स 200 या मोटरसायकलच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, आणि पुढची 21 इंची ट्यूब ताम्हिणीतल्या पंक्चरवाल्याकडे नसते. चाकं बदलण्यामागे माझी बाजू एवढीच. म्हणून 200टी या मॉडेलची 17 इंची ट्यूबलेस अलॉय चाकं जुनी मिळवली आणि नाना पेठेतलं गॅरेज गाठलं.

‘‘बसतंय दादा,’’ मिस्त्री म्हणाला. डिस्क ब्रेकचा एक ॲलन बोल्ट कडा झिजून गोल झालेला निघाला आणि त्याच्यावर हातोडी-छिन्नी सुरू झाली. गॅरेजातल्या एकुलत्या एक खुर्चीत एक काका होते. त्यांच्या स्कूटरचं ऑइल केव्हाच बदलून झालं होतं, पण उठायचं नाव नाही.

‘‘किती देते?’’

‘‘चाळीस.’’

‘‘आणि ही चाकं लावल्यावर?’’

‘‘तेवढंच.’’

‘‘मग कशाला लावताय?’’

पंक्चर, ट्यूब, ताम्हिणी, सगळं सांगितलं. काकांनी ते मन लावून ऐकलं. ‘‘म्हणजे पंक्चर होऊ नये म्हणून चाकंच बदलायची! कंपनीने 21 इंची दिलंय ते काय वेडी आहे म्हणून?’’ मग मोटार वाहन कायदा, कलम 52. ‘‘आरसीत आहे त्याहून वेगळं काही चालत नाही. दाखवा बघू आरसी.’’

आणि मी दाखवली! हा माणूस बँकेतून निवृत्त झालेला, आरटीओशी काडीचा संबंध नाही, तरी मी निमूट पाकीट काढलं. काकांनी आरसी हातभर लांब धरून वाचली, शेजारच्या चहावाल्यालाही वाचायला दिली. माझ्या वडिलांचं नाव आता त्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

मोठं चाक दगडावरून सहज चढतं, म्हणून पुढे 21 इंची देतात, हे मलाही कळतं. पण रोज जायचं ते ऑफिसला. अर्थात ऑफिसचा रस्ता तरी कुठे रस्ता आहे? तिथे वर्षभर खोदकाम चालतं, त्याला कुठलं कलम लागत नाही. कलमं सगळी माझ्या चाकांना.

टायरसकट हिशेब केला तर गाडी पुढून पाच सेंटिमीटर खाली आली, मागून दोनसुद्धा नाही. साईड स्टँड मात्र होता तेवढाच लांब. हे ना मिस्त्रीच्या डोक्यात आलं, ना कलम 52 वाल्यांच्या. स्टँडवर लावली तर गाडी जवळजवळ ताठ उभी राहिली, क्षणभर विचार केला आणि उजवीकडे काकांच्या स्कूटरवर कलंडली. काकांचा आरसा गेला.

‘‘ओरिजिनलच लागेल,’’ काका म्हणाले. ओरिजिनलचे पैसे त्यांनी माझ्याकडून मोजून घेतले. मिस्त्रीकडे तो नव्हता. त्याने भलत्याच कंपनीच्या स्कूटरचा जुना आरसा आणला. आटे जुळेनात, तेव्हा ॲडॉप्टर शोधला, खाली दोन वॉशर घातले.

काकांनी त्यात भांग बघितला. ‘‘दिसतंय ना? मग झालं तर,’’ म्हणाले आणि उरलेले पैसे खिशात घालून निघून गेले.