पासवर्ड काढल्याने व्हिडिओ पळत नाही, मावशी

मिरजेच्या मावशीचं नेट दोन दिवस बंद होतं. कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: "व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो? नेटवाले हे कधीच सांगणार नाहीत! पाच अक्सीर उपाय." राउटरला फॉइल गुंडाळा, मागच्या भोकात पिन घालून रिसेट करा, वायफायचा पासवर्ड काढून टाका, बूस्टर अ‍ॅप घ्या, आणि एवढं करूनही अडकलं तर ३०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन घ्या. त्याच आठवड्यात हा मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला. त्यातला एक इंजिनिअर आहे, काय बोलणार!

मी तिसऱ्या उपायापासून सुरू करतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. म्हणे, "सारखा पासवर्ड तपासण्यात स्पीड जातो." अहो, पासवर्ड लागतो तो टीव्ही किंवा फोन वायफायला जोडताना. सिनेमा सुरू झाल्यावर राउटर तिकीट तपासनिसासारखा दर मिनिटाला येऊन उभा राहत नाही. माहिती कुलूपबंद करून पाठवण्याचं काम चालू असतं, पण ते आतली चिप करते, त्याने व्हिडिओ अडत नाही. यात एक कण खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो: जुन्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असा जुनाट ठेवलेला असेल तर वायफाय ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. मग सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२-एईएस हा त्यापुढचा प्रकार निवडा की! दार करकरतं म्हणून कोणी दारच काढून ठेवत नाही.

उघड्या वायफायचं काय होतं ते आपल्याच राज्यात घडून गेलंय. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. आयपी पत्त्याचा, म्हणजे मेल ज्या नेट जोडणीवरून गेला तिच्या नंबरचा, माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचं वायफाय उघडं होतं आणि मेल भलत्याच कोणी पाठवला होता. पण चौकशीचा ससेमिरा लागला तो त्या गृहस्थाच्या मागे. आणि हे टोक सोडा, साधा हिशेब करा. मावशीच्या खालच्या मजल्यावर कॉलेजची चार पोरं राहतात. पासवर्ड काढला की ती रात्रभर फुकटात सिनेमे उतरवणार, आणि मावशीची मालिका आणखी अडकणार. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध, तेच वाढणार.

पिनेचा उपाय मावशीने खरोखर केला. साडीला लावायची पिन, दहा सेकंद मोजून. राउटरचे लाइट गेले, परत आले, नेट मात्र आलं नाही. कारण त्या भोकातलं बटण राउटरला कोऱ्या पाटीवर आणतं. कंपनीने आत भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं, आणि ते घरात कोणाकडेच लिहिलेलं नसतं. नेटवाला तिसऱ्या दिवशी आला, दोन मिनिटांत सगळं भरलं आणि तीनशे रुपये घेऊन गेला. राउटर विजेच्या बटणाने बंद करून मिनिटभराने चालू करणं, याने मात्र पुष्कळदा खरंच फरक पडतो. मेसेज लिहिणाऱ्याने तेच कुठेतरी ऐकलं असावं आणि "रिस्टार्ट"चं "रिसेट" केलं असावं.

फॉइलचं म्हणाल तर अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये धातूचा पातळ थर दिलेले परावर्तक करून वायफाय हव्या त्या दिशेला वळवलं होतं. पण त्यांनी आकार घराच्या नकाशावरून मोजून काढला होता. मावशीने राउटर भरताच्या वांग्यासारखा गुंडाळला होता. बूस्टर अ‍ॅपवर वेळ घालवत नाही: फोनमधलं अ‍ॅप राउटरची ताकद वाढवू शकत नाही, जाहिराती मात्र भरपूर दाखवतं.

राहिला मोठा प्लॅन. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोरकेला १५. मावशीचा प्लॅन १०० चा आहे. मी फोनवर फास्ट डॉट कॉम ही वेग मोजणारी साइट उघडून राउटरशेजारी उभा राहिलो, ९१ आले. टीव्हीपाशी गेलो, ३. नेट घरापर्यंत धडधाकट येत होतं आणि घरातच मरत होतं. राउटर होता स्वयंपाकघरातल्या फडताळात, स्टीलच्या डब्यांच्या मागे, कारण "हॉलमध्ये ती काळी पेटी बरी दिसत नाही." शेजारी मायक्रोवेव्ह, जो चालू असताना वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो. राउटर हॉलमध्ये आणला, राउटरपासून टीव्हीला सरळ लॅनची (नेटची) वायर लावली. वायर दोनशे रुपयांची. (राउटरशेजारीही आकडा पडलेला असता, तर मात्र दोष कंपनीचा, मग तक्रार करायची.)

परवा मावशीचा फोन आला. मालिका अडकत नाही म्हणाली. आणि मग, "पण अरे, फॉइलने थोडा फरक पडला होता हं."